दाराकडची रांग

"तिला खालच्या वर्गात बसवू. उद्या आईला बोलावून घेते," मोठ्या बाईंनी चिमणीची वही मिटली. "दाराकडची रांग आहे ना? ती पहिल्यापासून मठ्ठच. मी काय आजची आहे?"

मोठ्या बाई आता मुख्याध्यापिका असल्या, तरी हाच वर्ग त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला होता. नव्या बाईंना येऊन जेमतेम महिना झाला होता. त्यांनी वही घेतली आणि जिना उतरता उतरता उघडली.

फळ्यावर घातलं होतं एक गणित, पोरीनं उतरवलं होतं भलतंच. पण त्या भलत्या गणिताचं उत्तर बरोबर होतं. खालच्याचंही. त्याच्या खालच्याचंही.

नव्या बाई जिन्यातच थबकल्या.

मधली सुट्टी होती. पोरं मैदानात हुंदडत होती. चिमणी तेवढी चुका सुधारायला वर्गात मागं राहिली होती, पेन्सिलीचं टोक चावत.

"सरक गं जरा," म्हणत नव्या बाई कशाबशा गुडघे मुडपून तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी समोर पाहिलं.

पलीकडच्या खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. दरवर्षी तेलरंग दिला जाणारा फळा तव्यासारखा काळा असायचा, पण या बाकावरून तो आरशासारखा चमकत होता. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेले आकडे अर्धेअधिक त्या चकाकीत बुडाले होते. डोळे बारीक केले, मान वाकडी केली, तरी आठ की तीन, कळेना.

"तुला रोज असंच दिसतं?"

चिमणीनं मान डोलावली.

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"मला वाटलं, सगळ्यांना असंच दिसतं."

नव्या बाई उठल्या त्या तडक वर गेल्या. "एकदा खाली येता का, बाई? एकच मिनिट. त्या बाकावर बसून बघा."

"फळा बदलून मागणार असाल, तर वरून मंजुरी यायला युगं लागतात," मोठ्या बाई कुरकुरत आल्या. "आणि ऊन काय आज नव्यानं पडायला लागलंय?"

त्या बसल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. फळ्याकडे बघत राहिल्या. बाहेर घंटा झाली, पोरं दारापर्यंत आली आणि मोठ्या बाईंना बाकावर बसलेलं पाहून तिथंच घुटमळली.

"हिच्या आईला नका बोलावू," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाक आजच्या आज हलवून घ्या. सगळी रांगच."

नव्या बाईंना हायसं वाटलं. पण मोठ्या बाई काही उठेनात. बाकाच्या कडेवरून त्यांचा हात सावकाश फिरत होता.

"माझी लेक याच वर्गात होती," त्या पुटपुटल्या. "इथंच बसायची. दारातून वारा येतो म्हणून मीच बसवली होती. आणि फळ्याकडे बघ, फळ्याकडे बघ म्हणून तिच्यावर खेकसायचेही मीच."