कालवांचे शिंपले

मालवणच्या बचत गटाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले रंगीत मासे दुसऱ्यांदा मेले, तेव्हा बायका टाकी विकायला निघाल्या. "मला एकदाच करून बघू द्या," गटातली देवयानी म्हणाली.

माशांच्या घाणीचं विष पचवणारे जिवाणू गाळणीत वाढायला हवे होते. दुकानदार म्हणाला, त्यांना चिकटून वाढायला परदेशी, चिनी मातीच्या कड्या घ्या. तिने कालवांचे खरखरीत, रिकामे शिंपले उकळून गाळणीत भरले.

"कचरो कित्याक भरतंस?" सासू कुरकुरली.

जिवाणूंना खाद्य म्हणून कोळंबीचा तुकडा टाकून दीड महिना ती नुसतं पाणी तपासत राहिली. तपासणीच्या नळीत विषाचा हिरवा रंग उमटेनासा झाला, तेव्हाच तिने माशांची जोडी सोडली.

चार महिन्यांनी एका सकाळी सासू टाकीपाशी ओरडली, "गो, धाव! मादीन अंडी घातल्यान!"

देवयानी धावत आली. दगडावर नारिंगी अंड्यांचा थर चिकटला होता, आणि सासू साऱ्या वाडीला हाका मारत सुटली होती, "माझ्या सुनेन करून दाखवल्यान!"