ओ

धुकं वरून उतरतं अशी बाईंची समजूत होती. हे दरीतून चढत आलं. बुटांपासून सुरुवात केली आणि बघता बघता बाईंना सॅकसकट गिळून मोकळं झालं. डाव्या हाताला डोंगर होता, उजव्या हाताला दरी. बाईंनी घाबरून एकदा मागे वळून पाहिलं, एक गिरकी घेतली, आणि मग कोणता हात कुठे होता हे त्यांना सांगता येईना.

सांगणं हाच खरं तर त्यांचा धंदा. एका मोठ्या दवाखान्यात त्या चौकशीच्या खिडकीमागे बसत. एक्स-रे कुठे, नळ कुठे, डॉक्टर कुठे. यातलं शेवटचं त्यांनाही माहीत नसे. खिडकीचा नियम एकच होता: विचारल्याशिवाय सांगायचं नाही. घरी खिडकी नव्हती, त्यामुळे नियमही नव्हता. "अगं, ऐकलंस का?" "आई, माझा चार्जर?" "सूनबाई, मघाशी मी काय म्हणत होते?" सगळ्या खोल्यांतून हाका येत आणि बाई ओ देत. झोपेतसुद्धा देते, असं यजमान पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

म्हणून रजा टाकून, मुलीची जुनी सॅक पाठीला लावून त्या निघाल्या. एकट्या.

"एकटी म्हणजे कोणाकोणाबरोबर?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"कोणाबरोबरच नाही."

"अगं बाई! मग हाक कोणाला मारशील?"

"मी कशाला मारू? कोणी मारू नये म्हणून तर चाललेय."

आता त्यांच्या बुटाने एक दगड ढकलला गेला. तो खाली पडल्याचा आवाज यायला हवा होता. आला नाही. बाईंनी लाजलज्जा सोडली.

"अहो, कोणी आहे का?"

"ओऽऽ!"

दूरवरून, खणखणीत, एका बाईचाच आवाज. जिवात जीव आला.

"मी वाट चुकलेय! कुठल्या बाजूने येऊ?"

"ओऽऽ!"

"दरी कुठेय, दरी?"

"ओऽऽ!"

अगदी घरच्यासारखं वाटलं. प्रश्न कोणताही असो, उत्तर तेच आणि उपयोग शून्य. खिडकीत बसून असं काम केलं असतं तर लोकांनी काच फोडली असती. पण दुसरं कोणी विचारायला नव्हतं. बाई गुडघ्यांवर आल्या आणि आवाजाच्या दिशेने रांगू लागल्या. आधी हात पुढे टाकायचा, गवत चाचपायचं, मग गुडघा. आभाळ नाही, जमीन नाही. जगात दोनच गोष्टी उरल्या होत्या: हाताखालचं ओलं गवत आणि ती ओ. तीही लहरी. कधी हाक मारायच्या आत यायची, कधी मारून मारून दमल्यावर.

एकदा हात पुढे टाकला आणि गवत लागलंच नाही. नुसती गार हवा लागली.

बाई तिथेच पालथ्या पडल्या. मातीला घट्ट धरून राहिल्या. ओरडायला तोंड उघडलं, पण आतून काही येईना. हाक नाही, श्वास नाही. आता कोणाला कळणार, आपण इथे आहोत ते?

"ओऽऽ!"

मागच्या बाजूने आली. बाई पोटावर सरपटत वळल्या आणि त्या ओच्या मागे मागे निघाल्या.

मग हाताला फरशी लागली. मग पायरी. पायरीवर एक म्हातारी मांडीवर टोपली घेऊन शेंगा सोलत बसली होती.

"मावशी!" बाईंना हसू येत होतं की रडू, ते त्यांनाच कळेना. "तुम्ही ओ दिलीत म्हणून वाचले हो!"

मावशींनी मान वळवली नाही. शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले, धुक्याकडे तोंड केलं.

"ओऽऽ!"

"अहो, मी आलेय! आता कोणाला देताय?" बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मावशी एवढ्या दचकल्या की टोपली उलटी झाली. त्यांनी चिखलाने भरलेले गुडघे पाहिले, सोललेले तळवे पाहिले, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"आलीस होय गं!"

"मघापासून हाका मारतेय की!"

मावशी बाईंच्या ओठांकडे बघत राहिल्या. मग कानांना हात लावून मान हलवली. "दोन्ही गेलेत. कधीचेच."

बाईंनी एकेक शब्द सुटा करून, हातवारे करत विचारलं, "मग मी हाक मारली, ते कळलं कसं?"

"कुठे कळलं?" मावशी म्हणाल्या. "धुकं आलं की मी ओ देत बसते. कोणी हाक मारत असलं तर?"

"आणि नसलं तर?"

"तर घसा बसतो. दुसरं काय!"

"आधी कोणी आलंय असं?"

"तू आलीस ना," मावशी म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

बाहेर सगळं पांढरं होतं, आणि शांत. कोणी हाक मारली नव्हती. चौकशीच्या बाई पायरीवर बसल्या. सांडलेले दाणे त्यांनी टोपलीत भरले, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि कोणी विचारलं नसताना सांगितलं,

"ओऽऽ!"