टाकीचं झाकण

घाटातल्या शेवटच्या वळणावर गाडी थांबवून वैदेहीने मोबाइल वडिलांपुढे, भिकाजीरावांपुढे धरला. अनोळखी माणसांनी लपवलेले डबे नकाशावरून शोधायचे आणि आतल्या वहीत नाव, तारीख लिहायची, हा तिचा सुट्टीतला नाद. आजचा हा चौथा डबा. त्याची खूण होती, "जिथे पाणी असायला हवं होतं, तिथे बघा."

समोर चौथऱ्यावर नगरपालिकेचा जुना आगीचा बंब शोभेला मांडून ठेवला होता. भिकाजीरावांनी तो अठरा वर्षं चालवला होता. ते मागच्या शिडीने वर चढले. त्यांनी टाकीचं झाकण उचकटलं. डबा आतच होता. तो घेऊन ते खाली उतरले.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

कित्येक वर्षांपूर्वी एका खंडेनवमीला त्यांनीच टाकी रिकामी करून बंब धुतला, हार घातला, नारळ फोडला. टाकी भरायची तेवढी राहून गेली. दसऱ्याच्या सकाळी याच वळणावर बस पेटली, तेव्हा नळीतून नुसती हवा आली. चौकशीत पंप बिघडल्याचं लिहिलं गेलं आणि त्यांनी ते लिहू दिलं.

वहीच्या पहिल्या पानावर डबा ठेवणाऱ्याची एकच ओळ होती. "माझी आई खिडकीशी बसली होती."

त्यांनी खाली नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तारीख लिहिली.

वैदेहीने वाकून पाहिलं. "बाबा, तारीख चुकली. वर्षही जुनंच टाकलंत."

"बरोबर आहे ती." त्यांनी पेन तिच्या हातात दिलं. "पुढचं तू लिही. टाकी मी भरली नव्हती."