काकांच्या चपलांचा माग

टोळीच्या रिवाजाप्रमाणे परवा काकांच्या मुलीशी, नूफशी मुतलकचं लग्न व्हायचं होतं, आणि तिचं मन मात्र दुसऱ्या टोळीतल्या एकावर, अशी कुणकुण त्याला लागली होती. सकाळी काकांच्या तंबूमागे वाळूत ठसे दिसले, तसा तो तडक आत शिरला.

"काका, टेकडीकडे कोण गेलं?"

"मीच. माझ्या चपला ओळखल्या नाहीस?"

"चपला तुमच्याच. पण पाऊल एवढं हलकं?"

"वाळलोय रे, पोरीच्या लग्नापायी. बस, कॉफी घे."

"नूफ कुठेय?"

"झोपलीय."

'पुरे' म्हणून मुतलकने रिकामा पेला हलवला. काकांनी न बघितल्यासारखं करून तो पुन्हा भरला. काकांनी भरलेला पेला टाकून उठायचं कसं?

वारा सुटला, बाहेरचे ठसे बुजले, तेव्हा कुठे काका म्हणाले, "बरं, ये आता."

मुतलक चपला घालायला दाराशी आला. तिथे एकच जोड होता, त्याचा स्वतःचा.