रविवारी करतो

बाबांचा कॉम्प्युटर जुना. इंटरनेट हवं तर वायरच जोडावी लागायची, आणि राउटर हॉलमध्ये. एकदा त्यांनी लांबलचक वायर आणून स्वतःच दारादारांतून ओढली. सून अडखळली, तेव्हा त्यांनीच ती गुंडाळून ठेवली. मग अधूनमधून मुलाला विचारायचे, "ती बिनवायरची डबी मिळते म्हणे, खोलीतच इंटरनेट देणारी. तेवढी बसवून देतोस का?"

"रविवारी करतो, बाबा."

"बरं," म्हणायचे, खोलीत जायचे आणि दार हळूच लोटून घ्यायचे.

आता बाबा नव्हते. मुलाच्या बायकोला ऑफिसच्या कामासाठी ती खोली हवी होती, म्हणून डबी लगेच आली. त्याने ती बाबांच्या खोलीतल्या प्लगला लावली, राउटरशी जुळवली. कपातला चहा निवायच्या आत काम झालंसुद्धा. बाबांच्या वायरचं एक टोक त्याने डबीत खोचलं. दुसरं, कॉम्प्युटरला लावायचं, अजून हातातच होतं.

डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकू लागला.

"लागला की रे!" बायको हॉलमधून म्हणाली. "मोबाइलवर दिसतोय बघ, बाबांचा कॉम्प्युटर."

"अगं, अजून जोडलाच नाहीये."

त्याने डबी प्लगमधून उपटली. दिवा लुकलुकतच राहिला. थोडा थांबायचा, वाट बघितल्यासारखा, मग पुन्हा तेच.

त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "रविवारी करतो, बाबा."

दिवा विझला.

मग त्याच्या पाठीमागे खोलीचं दार हळूच लोटलं गेलं, आतून.