दोन रेघा

विहिरीत उतरलेला स्वप्निल ओ देत नव्हता.

मघापर्यंत तो बोलत होता. "गाळ लय हाये, टोपलं सोडा," एवढं म्हणाला आणि त्याचा आवाजच बंद झाला. काठावर वाकलेला त्याचा धाकटा भाऊ रजत घसा फाटेस्तोवर हाका मारत होता. खालून काही नाही. रोहण्याच्या फाट्याला लागून असलेली ही विहीर कितीतरी वर्षं फळ्या टाकून बंद होती. यंदा संत्र्याची झाडं सुकायला लागली म्हणून दोघा भावांनी सकाळीच ती उघडली. फळ्या निघाल्या तेव्हा आतून कुबट, जड हवा अंगावर आली. ती कोणाला खटकली नाही.

बघता बघता माणसं जमली. जमलेल्या सगळ्यांनी आधी विहिरीत पाहिलं, मग फ्लेक्सकडे, मग प्रफुल्लकडे.

फ्लेक्स फाट्यावरच होता. 'आमच्या गावचा वाघ, कमांडो प्रफुल्ल यांचे हार्दिक स्वागत.' फोटोतल्या प्रफुल्लच्या डोक्यावर कमांडोची टोपी होती, तीही फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर चढवलेली. पोरगा फौजेतून सुट्टीवर यायच्या आदल्या दिवशीच त्याच्या बापानं, कवडूनं, तो लावून टाकला होता. आपला पोरगा कमांडोच्या निवडीला गेलाय म्हणजे टोपी घेऊनच येणार, याबद्दल कवडूला काडीची शंका नव्हती. प्रफुल्ल एसटीतून उतरला आणि त्यानं फ्लेक्स पाहिला. टोपी त्याला मिळाली नव्हती. त्याला निवडीतून परत पाठवलं होतं. आठ दिवस झाले, हे सांगायला त्याचं तोंड उघडत नव्हतं.

"प्रफुल्या, पाहून काय राह्यला? उतर ना!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

तो उतरणारच होता. स्वप्निल त्याचा लंगोटीयार. चपला काढून झाल्या, एक पाय आतल्या पायरीवर पडलासुद्धा. मग तो थांबला. बादलीत पेटता बोळा ठेवून त्यानं दोर खाली सोडला. अर्ध्यात जाऊन बोळा विझला. त्यानं पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा तिथंच विझला.

निवडीच्या शेवटी असंच एक भुयार होतं, धुरानं भरलेलं. आत त्याचा जोडीदार कोसळला होता. इशारा होईपर्यंत कोणी हलायचं नाही, असा हुकूम होता. प्रफुल्लला राहवलं नाही. तो आत घुसला आणि चार पावलांवर स्वतःच आडवा झाला. मास्क लावलेल्यांनी दोघांना ओढून काढलं. शुद्धीवर आल्यावर त्याला वाटलं, आता शाबासकी मिळणार. सुभेदारानं काठीनं मातीत दोन रेघा ओढल्या.

"एक गया, उसके पीछे दूसरा गया. दो लाशें. जिगर तो सबके पास है, बेटा. जिस दिन एक पर रुकना आ जाए, उस दिन टोपी माँगने आना."

प्रफुल्लनं पाय वर घेतला.

"मी उतरत नाई," तो म्हणाला. "अन् कोणालेच उतरू देत नाई. खाली हवा नाई."

"कमांडो असून भेते काय बे?"

"नाई मी कमांडो. मले टोपी भेटली नाई. वापस पाठवलं मले."

गर्दीच्या कडेला उभ्या कवडूनं मान खाली घातली.

तेवढ्यात रजतनं दोर पकडला. "माया भाऊ हाये खाली! मी चाललो!" प्रफुल्लनं त्याला कमरेला धरून मागं खेचलं, चिखलात पाडलं आणि त्याच्या छातीवर बसला. रजतनं त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं, तरी प्रफुल्लनं पकड सोडली नाही. तिथूनच तो ओरडत राहिला, "बगीच्यातला फवारणीचा ब्लोअर आणा! हवा मारा आत! पाणी ओता!" काही जण धावले. बाकीचे थुंकले.

स्वप्निल-रजतची आई सुलोचना घराकडून पळत आली. तिनं काय झालं ते विचारलं नाही. पायातली चप्पल काढली आणि प्रफुल्लच्या पाठीत हाणायला लागली. "एक पोरगं मरून राह्यलं अन् दुसऱ्याले दाबून बसला काय रे! काऊन?" तो मार खात राहिला. आपण चुकत असू तर, या विचारानं त्याला रडू फुटलं होतं. तरी तो उठला नाही.

ब्लोअर आला, घरघरायला लागला. बादल्यांवर बादल्या ओतल्या गेल्या. बोळा पुन्हा सोडला. या वेळी तो तळापर्यंत पेटता राहिला.

मग प्रफुल्लनं रजतला सोडलं, कमरेला दोर बांधला आणि कोणी काही बोलायच्या आत उतरला. स्वप्निलला खांद्यावर टाकून वर आला. छाती दाबली, तोंडात श्वास फुंकला, दमछाक होईपर्यंत फुंकत राहिला. स्वप्निल केव्हाच गेला होता.

त्याला खाटेवर ठेवलं. फाट्यावर कवडू एकटाच फ्लेक्सच्या दोऱ्या कापत होता. कोणी त्याला थांबवलं नाही. सुलोचनानं प्रफुल्लकडे बोट रोखलं. "याच्या भेवापाई एक पोरगा गेला माया! एक गेला!"

प्रफुल्ल विहिरीपाशी खाली बसला आणि रक्ताळलेल्या हातानं त्यानं ओल्या मातीत एक रेघ ओढली.

दुसरी रेघ आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती.