श्वासापुरता आवाज

किरणोपचाराचं यंत्र श्वास संथ असेपर्यंतच किरण सोडायचं, म्हणून रुग्णाचा श्वास कुणाच्या आवाजाने स्थिरावतो हे आधी तपासलं जाई. दिगंबर रेगे पत्नी शरयूचा आवाज ऐकत होते, तरी श्वास अडखळत राहिला. मुलाच्या बारशाच्या जुन्या चित्रफितीत घटस्फोटित पहिली पत्नी सुमती बोलू लागली, तेव्हा तो संथ झाला.

“चित्रफितीत त्यांचं बोलणं थोडंच आहे. त्या प्रत्यक्ष बोलल्या तर किरण गाठीवरच पडतील, निरोगी फुप्फुस वाचेल. आयुष्य वाढू शकेल,” डॉक्टर संकोचून म्हणाल्या.

“तिला बोलवायचं नाही,” दिगंबर म्हणाले.

शरयूने बाहेर येऊन फोन लावला. “सुमतीताई, यांच्या फुप्फुसात गाठ आहे. रोज थोडं बोलायला याल?”

“मी काय बोलू त्यांच्याशी?”

“भांडलात तरी चालेल.”

दुसऱ्या दिवशी सुमती आली. शरयूने तिला माइकसमोर बसवलं आणि बाहेर पडताना दार ओढून घेतलं.